हुसेन अल हौथी : एका धर्मशिक्षकाचे बंड आणि येमेनचे युद्ध

उत्तर येमेनमधील साअदा प्रांतात ५ जून २०१३ रोजी एक अंत्ययात्रा निघाली. राजधानी सनासह देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले हजारो लोक तीत सहभागी झाले होते. ज्यांचा दफनविधी होता ते हुसेन बद्रुद्दीन अल हौथी मात्र त्या वर्षी मरण पावलेले नव्हते. येमेनच्या सैन्याने मार्रानच्या डोंगराळ मुलखात त्यांना ठार केल्याची घोषणा १० सप्टेंबर २००४ रोजीच झाली होती. कबरीचे तीर्थस्थान होऊ नये म्हणून तत्कालीन सरकारने त्यांचे पार्थिव कुटुंबीयांच्या हवाली केले नाही. पावणेनऊ वर्षांनी दफनविधी झाला, तोवर त्यांच्या अनुयायांनी साअदा प्रांत ताब्यात घेतलेला होता. पुढे सव्वा वर्षाने देशाची राजधानीही त्यांच्या हाती गेली.

लाल समुद्रातील व्यापारी जहाजांवरील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून 'हौथी' हे नाव जगभर ऐकू येऊ लागले. ही संघटना स्वतःला 'अन्सार अल्लाह', म्हणजे अल्लाहचे सहायक, असे म्हणवते. 'हौथी' हे तिला मिळालेले नाव हुसेन यांच्या घराण्यावरून आले आहे. इराणच्या हातातील एक शस्त्र म्हणून तिच्याकडे पाहण्याची पद्धत आहे आणि तिला आधारही आहे. तथापि ज्या काळात ही चळवळ जन्मली, त्या काळात तिच्यापाशी क्षेपणास्त्रे नव्हती, ड्रोन नव्हते. होती ती एका शिक्षकाची ध्वनिफितींवर उतरवलेली व्याख्याने. ती बंद पाडण्यासाठी सरकारने जे उपाय योजले, त्यांतील प्रत्येक उपायाने चळवळ वाढतच गेली. हुसेन यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला, तर हे कसे घडले याचा उलगडा होतो.

इमामांचा मुलूख

येमेनच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश लोक झैदी पंथाचे आहेत आणि त्यांची वस्ती मुख्यतः उत्तरेकडील डोंगराळ भागात आहे. हा शिया इस्लामचाच एक पंथ असला, तरी इराणमधील शिया पंथाहून तो बराच निराळा आहे. इराणी शिया बारा इमाम मानतात आणि बारावे इमाम अदृश्य असून पुढे प्रकट होतील, अशी त्यांची श्रद्धा आहे. झैदींना ही कल्पना मान्य नाही. इमाम हुसेन यांचे नातू झैद इब्न अली यांनी इसवी सन ७४० मध्ये कुफा येथे उमय्या खलिफांविरुद्ध उठाव केला आणि त्यात ते मारले गेले. त्यांच्यावरून या पंथाला नाव पडले. अली आणि फातिमा यांच्या वंशातील विद्वान पुरुषाने अन्यायी राज्यकर्त्याविरुद्ध उभे राहावे, हे झैदी विचारातील जुने सूत्र आहे. नित्याच्या धर्माचरणात मात्र झैदी आणि सुन्नी यांच्यात फारसे अंतर नाही. येमेनच्या अनेक भागांत दोन्ही पंथांचे लोक पिढ्यानपिढ्या एकाच मशिदीत नमाज पढत आले आहेत.

मुंबईत ज्यांचे धर्मपीठ आहे, त्या दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मपरंपरेचे धागेही येमेनशीच जुळलेले आहेत. ते मात्र इस्माइली शिया आहेत. सनाच्या पश्चिमेकडील हराझच्या डोंगरांत त्यांच्या पूर्वकालीन धर्मगुरूंच्या कबरी आहेत. झैदी आणि इस्माइली यांचे येमेनच्या इतिहासात फारसे पटले नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

इसवी सन ८९७ मध्ये साअदा येथे झैदी इमामतीचा पाया घातला गेला. कधी विस्तारत, कधी आक्रसत ही सत्ता हजारांहून अधिक वर्षे टिकली. दक्षिणेकडील एडन बंदर ब्रिटिशांनी १८३९ मध्ये घेतले आणि जवळपास शतकभर त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. उत्तरेकडील डोंगर मात्र बाहेरच्या जगाला बंदच राहिले. २६ सप्टेंबर १९६२ रोजी लष्करी अधिकाऱ्यांनी इमामाला पदच्युत करून प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्यानंतरच्या यादवीत इजिप्तचे सैन्य प्रजासत्ताकाच्या बाजूने उतरले आणि सौदी अरेबियाने झैदी इमामाची पाठराखण केली. पुढे याच सौदी अरेबियाने झैदी बंडखोरांवर विमानांतून बॉम्ब टाकले. त्या प्रदेशातील राजकारण केवळ पंथभेदाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवणे बरे.

यादवी १९७० मध्ये संपली. साअदा शेवटपर्यंत इमामाच्या बाजूने लढलेला प्रांत होता आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली. रस्ते, शाळा, दवाखाने येथे उशिरा आणि तोकडे आले. द्राक्षे, डाळिंबे, सौदी सीमेवरून होणारा चोरटा व्यापार आणि शहराजवळच्या तल्हच्या बाजारातील शस्त्रविक्री यांवर लोकांचा चरितार्थ चाले. प्रेषितांच्या वंशातील म्हणून शतकानुशतके मान मिळवलेल्या सय्यद घराण्यांकडे नवे राज्य संशयाने पाहू लागले. अल हौथी हे अशाच घराण्यांपैकी एक. हुसेन यांचे बालपण याच काळात साअदाच्या डोंगराळ भागात गेले.

वर्ग, शिबिरे आणि संसद

हुसेन यांचे वडील बद्रुद्दीन अल हौथी हे झैदी पंथातील नामांकित विद्वान होते. मुलाचे पहिले गुरूही तेच. पिता-पुत्रांना ज्या गोष्टीने अस्वस्थ केले, ती सनातील सत्तेपेक्षा घराजवळची होती. साअदा शहरापासून काही किलोमीटरवर असलेल्या दम्माज या गावी मुकबिल अल वादिई यांनी सलफी विचारांचे विद्यालय काढले होते. वादिई स्वतः झैदी टोळीत जन्मलेले. सौदी अरेबियात शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी झैदी आचार, कबरींवरील घुमट आणि सय्यदांना मिळणारा मान यांवर कडाडून टीका सुरू केली. त्यांच्याकडे देशोदेशींचे विद्यार्थी येऊ लागले. झैदी पंथाच्या मूळ पीठातच झैदी मुले आपला पंथ सोडू लागली, तेव्हा जुन्या विद्वानांना हा अस्तित्वाचा प्रश्न वाटू लागला.

उत्तर आणि दक्षिण येमेनचे २२ मे १९९० रोजी एकीकरण झाले आणि राजकीय पक्षांना मोकळीक मिळाली. झैदी विद्वानांनी 'अल हक्क' हा पक्ष स्थापन केला. इमाम प्रेषितांच्या वंशातीलच असला पाहिजे हा आग्रह आता कालबाह्य झाला आहे, असे निवेदन काही प्रमुख झैदी विद्वानांनी त्याच सुमारास काढले. त्यावर सही करण्यास बद्रुद्दीन यांनी नकार दिला. मुलावर इमामत परत आणू पाहत असल्याचा आरोप पुढे झाला, तेव्हा विरोधकांनी याच नकाराकडे बोट दाखवले.

हुसेन १९९३ च्या निवडणुकीत 'अल हक्क' पक्षातर्फे संसदेवर निवडून आले. ३०१ सदस्यांच्या सभागृहात पक्षाला अवघ्या दोन जागा मिळाल्या होत्या आणि त्यातील एक त्यांची होती. पुढच्याच वर्षी उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा दक्षिणेवरील स्वारीला त्यांनी विरोध केला. तो विरोध महागात पडला. सरकारचा रोष ओढवल्यानंतर बद्रुद्दीन यांना काही काळ इराणमध्ये राहावे लागले. हुसेन यांचेही तेथे जाणे झाले. खोमेनी यांच्या क्रांतीविषयी आणि लेबनॉनमधील हिजबुल्लाविषयी त्यांना वाटणारा आदर त्यांच्या व्याख्यानांतून पुढे वारंवार प्रकट झाला. १९९७ मध्ये संसदेतील त्यांची मुदत संपली. त्यानंतर त्यांनी सुदानमध्ये कुराणविषयक पदव्युत्तर अभ्यास केला.

दरम्यान साअदात 'अश शबाब अल मुमिन', म्हणजे श्रद्धावान युवक, या नावाने एक शैक्षणिक चळवळ उभी राहिली होती. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची शिबिरे भरवावीत, सकाळी धर्मशास्त्राचे वर्ग घ्यावेत, दुपारी खेळ, संध्याकाळी नाटुकली आणि वक्तृत्व, असे तिचे स्वरूप होते. हजारो मुले या शिबिरांना जात. तिची स्थापना हुसेन यांनी केली असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक आरंभीचे संघटक दुसरे होते आणि त्यातील काही जण पुढे हुसेन यांच्यापासून दूर झाले.

या शिबिरांना काही काळ खुद्द राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्याकडून पैसा मिळत होता. सालेह जन्माने झैदी असले, तरी धर्माशी त्यांचा संबंध बेताचाच होता. येमेनवर राज्य करणे म्हणजे सापांच्या फण्यांवर नाचणे, असे ते म्हणत असत. सलफींचे आणि 'इस्लाह' पक्षाचे वजन फार वाढू नये यासाठी त्यांनी झैदी युवकांना हात दिला. यातला एक साप उलटेल, हा अंदाज त्यांना आला नाही.

मार्रानमधील व्याख्यान

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर दहशतवादी हल्ले झाले. एडन बंदरात अमेरिकी युद्धनौका 'कोल'वर हल्ला होऊन १७ नौसैनिक मारले गेले, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. येमेनही अमेरिकेच्या कारवाईचे लक्ष्य होईल या भीतीने सालेह यांनी तातडीने दहशतवादविरोधी मोहिमेत सहकार्य देऊ केले. नोव्हेंबर २००२ मध्ये मारिब प्रांतात अमेरिकेच्या ड्रोनने अल कायदाच्या एका म्होरक्याची मोटार उडवली. परक्या देशाच्या यंत्राने येमेनच्या भूमीवर माणसे मारावीत आणि सरकारने त्याला संमती द्यावी, ही गोष्ट अल कायदाशी काडीचाही संबंध नसलेल्या येमेनींनाही लागली.

हुसेन यांनी याच काळात मार्रानमध्ये व्याख्यानांची मालिका सुरू केली. १७ जानेवारी २००२ रोजी दिलेल्या व्याख्यानात त्यांनी श्रोत्यांना एक घोषणा दिली. अल्लाहच्या महत्तेने सुरू होणारी ती घोषणा अमेरिका आणि इस्रायल यांचे मरण चिंतते, ज्यूंना शाप देते आणि इस्लामच्या विजयाने संपते. शुक्रवारच्या नमाजानंतर ती मशिदीत द्यावी, असे त्यांचे सांगणे होते. शस्त्र उचलावे असे त्यांनी त्यावेळी सांगितले नव्हते. अमेरिकी आणि इस्रायली मालावर बहिष्कार टाकावा, असे आवाहन मात्र केले होते.

त्यांची भाषा विद्वानांची नव्हती. बोली अरबीत, उदाहरणे देत, प्रश्न विचारत ते बोलत. मुस्लिम जग दुबळे का झाले, याचे उत्तर ते कुराणातून थेट शोधत आणि जुन्या ग्रंथांवरील भाष्यांत रमणाऱ्या झैदी पंडितांनाही सुनावत. ही व्याख्याने ध्वनिफितींवरून उतरवून घेऊन लहान पुस्तिकांच्या रूपाने हातोहात पसरू लागली. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या नावावर जे साहित्य आहे, ते अशा उतरवलेल्या बोलण्याचेच आहे. या व्याख्यानांतील ज्यूद्वेष हा केवळ घोषणेपुरता शब्द राहिला नाही, हेही सांगणे भाग आहे. साअदात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या थोड्याशा ज्यू कुटुंबांना २००७ मध्ये हौथी अनुयायांच्या धमक्यांमुळे गाव सोडून सनामध्ये आश्रय घ्यावा लागला.

सालेह २००३ च्या सुरुवातीला हज यात्रेला जाताना साअदात थांबले होते. मशिदीत ते बोलावयास उभे राहताच उपस्थितांतून तीच घोषणा उठली. अमेरिकेचा मित्र म्हणून मिरवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना स्वतःच्या देशात हे ऐकावे लागले. त्यानंतर सनाच्या मोठ्या मशिदीत घोषणा देणाऱ्या तरुणांची धरपकड सुरू झाली. शेकडो जण तुरुंगात गेले. पण पुढच्या शुक्रवारी घोषणा द्यायला नवे तरुण येऊन उभे राहत.

जून २००४

राष्ट्राध्यक्षांचे चर्चेचे निमंत्रण हुसेन यांनी स्वीकारले नाही. सनामध्ये गेलो तर परत येणार नाही, अशी त्यांना भीती होती. राजसत्तेविरुद्ध आपण उठलेलो नाही, असे ते सांगत राहिले. सरकारचे म्हणणे असे होते की, ते स्वतःला इमाम म्हणवतात, बेकायदा वसुली करतात, तरुणांना चिथावतात आणि त्यांना परकीय मदत मिळते. सालेह जून २००४ मध्ये अमेरिकेतील जी-८ देशांच्या परिषदेला निमंत्रित म्हणून उपस्थित राहिले. ते परतल्यानंतर थोड्याच दिवसांत सैन्य मार्रानकडे निघाले. हुसेन यांना पकडून देणाऱ्यास सुमारे ५५ हजार डॉलरचे इनाम जाहीर झाले.

मोहीम लवकर आटोपेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात जवळपास तीन महिने लागले. पायऱ्यापायऱ्यांची शेते, दगडी घरे आणि गुहा यांनी भरलेल्या त्या डोंगरात रणगाड्यांचा फारसा उपयोग नव्हता. तेव्हा तोफा आणि हेलिकॉप्टर यांचा मारा गावांवरच झाला. अखेर हुसेन काही सहकाऱ्यांसह एका गुहेत अडकले. ते चकमकीत मारले गेले, असे सरकारने जाहीर केले. जखमी अवस्थेत बाहेर आल्यानंतर त्यांना गोळ्या घातल्या, असे त्यांच्या अनुयायांचे म्हणणे आहे.

मृतदेहाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, परंतु मृतदेह मिळाला नाही. सरकारच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. झैदी स्मृतीला मात्र हा प्रसंग ओळखीचा होता. ज्या झैद इब्न अली यांच्या नावाने हा पंथ चालतो, त्यांचे शवही शत्रूने उकरून काढून सुळावर लटकवले होते, अशी परंपरा सांगते. आणि करबलाची कथा तर त्याहून जुनी. ज्यांना हुसेन यांची व्याख्याने ठाऊक नव्हती, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

युद्धाने वाढलेले बंड

मार्च २००५ मध्ये पुन्हा लढाई सुरू झाली. वृद्ध बद्रुद्दीन वाटाघाटींसाठी सनामध्ये जाऊन रिकाम्या हाताने परतले होते. त्यानंतर नेतृत्व हुसेन यांचे धाकटे सावत्र बंधू अब्दुल मलिक यांच्याकडे आले. वय पंचविशीच्या आसपास, औपचारिक शिक्षण नाही, शिकवण सारी वडिलांची आणि थोरल्या भावाची. वडीलधारे अनेक दावेदार असताना या तरुणाची निवड झाली, ती रणांगणावरील कामगिरीमुळे. हुसेन बोलणारे होते, तर अब्दुल मलिक संघटना बांधणारे ठरले. आणखी एक बंधू याह्या हे तर सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. युद्ध चिघळल्यावर त्यांना जर्मनीत आश्रय घ्यावा लागला.

२००४ ते २०१० या काळात सरकार आणि हौथी यांच्यात युद्धाच्या सहा फेऱ्या झाल्या. कतारने २००७ मध्ये मध्यस्थी करून पाहिली. समझोता झाला आणि मोडला. प्रत्येक फेरीचे तपशील येथे देण्याचे कारण नाही. त्यांचा साचा एकच होता. सैन्याच्या मदतीला सरकार एखाद्या टोळीचे हत्यारबंद लोक आणी. ते गावात शिरत, घरे पडत, माणसे मरत. मग त्या टोळीशी जुने वैर असलेली दुसरी टोळी हौथींना जाऊन मिळे. धर्माशी देणेघेणे नसलेले शेतकरी आणि व्यापारीही अशा तऱ्हेने बंडखोर झाले. शस्त्रेही बव्हंशी देशातूनच मिळत. तल्हचा बाजार हाकेच्या अंतरावर होता आणि पगार थकलेले सैनिकही बंदुका विकत.

साअदात पत्रकारांना प्रवेश नव्हता, दूरध्वनी बंद असत. युद्धाविषयी लिहिणारे संपादक अब्दुल करीम अल खैवानी यांना प्रथम २००४ मध्ये तुरुंगात टाकण्यात आले आणि २००८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालेल्या सहाव्या मोहिमेला सरकारने 'होरपळलेली भूमी' असे नावच दिले होते. नोव्हेंबरमध्ये सौदी अरेबियाही तीत उतरला. फेब्रुवारी २०१० मध्ये युद्धविराम झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास लोक विस्थापित झालेले होते.

या युद्धाला आणखी एक पदर होता. मोहिमेची सूत्रे सेनानी अली मोहसिन अल अहमर यांच्याकडे होती. सालेह आपल्या मुलाला गादीवर बसवू पाहत होते आणि अली मोहसिन त्यांच्या वाटेतला मोठा अडथळा होते. विकिलीक्सने उघड केलेल्या अमेरिकी राजनैतिक पत्रव्यवहारानुसार, येमेनच्या बाजूने सौदी हवाई दलाला हल्ल्यासाठी जी ठिकाणे कळवण्यात आली, त्यांत अली मोहसिन यांच्या मुख्यालयाचाही समावेश होता. वैमानिकांना संशय आल्याने तो हल्ला टळला. हौथींशी लढणारे सरकार आतून किती पोखरलेले होते, हे यावरून दिसते.

२०११ मध्ये अरब देशांतील उठावांचे लोण येमेनमध्ये पोहोचले. सनातील चौकांत तरुण सालेह यांच्या राजीनाम्याची मागणी करत असताना हौथींनी साअदाचा ताबा घेतला आणि आंदोलनातही भाग घेतला. नोव्हेंबर २०११ मध्ये सालेह यांनी सत्ता सोडण्याच्या करारावर सही केली. अब्दरब्बू मन्सूर हादी राष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्रीय संवाद परिषदेत हौथींना जागा मिळाल्या, हुसेन यांचे अवशेष परत करण्यात आले आणि सुरुवातीस सांगितलेला दफनविधी पार पडला. हौथी आता राजकीय पक्ष होतील, अशी आशा त्यावेळी अनेकांना होती. परंतु त्यांचे दोन प्रमुख प्रतिनिधी परिषदेच्याच काळात सनामध्ये मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. आणि उत्तरेकडे त्यांचे सशस्त्र दल एकेक गाव घेत पुढे सरकत होते. जानेवारी २०१४ मध्ये दम्माजचे सलफी विद्यालय त्यांच्या वेढ्यामुळे रिकामे झाले. जुलैमध्ये अम्रान पडले. त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने इंधनावरील अनुदान काढून घेतले. महागाईने त्रासलेल्या लोकांच्या असंतोषावर स्वार होऊन २१ सप्टेंबर २०१४ रोजी हौथींनी राजधानी ताब्यात घेतली.

त्यांना सनाची दारे उघडून दिली ती सालेह यांनी. ज्या माणसाने हुसेन यांच्यावर सैन्य धाडले, त्याच्याशी हुसेन यांच्या भावाने हातमिळवणी केली होती. दोघांचा शत्रू एक होता, एवढेच त्यामागचे कारण. डिसेंबर २०१७ मध्ये सालेह यांनी पुन्हा बाजू बदलण्याचा प्रयत्न केला आणि ४ डिसेंबरला हौथींनी त्यांना ठार केले.

भारताला पोहोचलेली झळ

२६ मार्च २०१५ रोजी सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने हौथींविरुद्ध हवाई हल्ले सुरू केले. येमेनमध्ये त्यावेळी हजारो भारतीय होते आणि त्यांत केरळमधील परिचारिकांची संख्या मोठी होती. 'ऑपरेशन राहत' या मोहिमेत भारताने साडेचार हजारांहून अधिक भारतीयांची आणि सुमारे साडेनऊशे परदेशी नागरिकांची सुटका केली. 'आयएनएस सुमित्रा', 'आयएनएस मुंबई' आणि 'आयएनएस तरकश' या नौका त्यात सहभागी होत्या. सुटका झालेले लोक विमानांनी कोची आणि मुंबई येथे उतरले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एप्रिल २०१५ मध्ये अब्दुल मलिक यांच्यावर निर्बंध लादले. इराणशी असलेले हौथींचे संबंध या युद्धाच्या काळातच खऱ्या अर्थाने घट्ट झाले. क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचे इराणी बनावटीचे भाग संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना आढळले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार, २०२१ च्या अखेरपर्यंत या युद्धाने ३ लाख ७७ हजार बळी घेतले. त्यातील जवळपास ६० टक्के उपासमार, रोगराई आणि उपचारांचा अभाव यांचे होते. १७ जानेवारी २०२२ रोजी हौथींनी अबुधाबीवर केलेल्या हल्ल्यात तीन कामगार मारले गेले. त्यांपैकी दोघे भारतीय होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युद्धविराम झाला आणि मोठी लढाई थांबली.

गाझातील युद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर २०२३ पासून हौथींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले आरंभले. २६ जानेवारी २०२४ रोजी 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली. जहाजावर २२ भारतीय खलाशी होते. 'आयएनएस विशाखापट्टणम'वरील पथकाने ती आग विझवण्यास मदत केली. अमेरिका, ब्रिटन आणि इस्रायल यांनी येमेनवर हवाई हल्ले केले. २८ ऑगस्ट २०२५ रोजी इस्रायलच्या हल्ल्यात हौथींच्या सरकारचे पंतप्रधान आणि अनेक मंत्री मारले गेले. अब्दुल मलिक या सर्व काळात लोकांसमोर आले ते ध्वनिचित्रफितींमधूनच. त्यांचा ठावठिकाणा गुप्त राहिला.

हौथींच्या ताब्यातील प्रदेशात हुसेन यांची व्याख्याने सक्तीच्या शिकवणीचा भाग झाली. उन्हाळी शिबिरे आता सरकारी पातळीवर भरू लागली आणि त्यातील मुले रणांगणावर पाठवली जात असल्याचे संयुक्त राष्ट्रांनी नोंदवले. टीका करणारे पत्रकार, वकील आणि संयुक्त राष्ट्रांचे डझनावारी स्थानिक कर्मचारी तुरुंगात गेले. इमामत संपवणाऱ्या १९६२ च्या क्रांतीचा वर्धापनदिन २६ सप्टेंबरला येतो. त्या दिवशी राष्ट्रध्वज घेऊन सनाच्या रस्त्यांवर येणाऱ्या किंवा समाजमाध्यमांवर शुभेच्छा देणाऱ्या नागरिकांना हौथींच्या सुरक्षा दलांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अटक केली.